अवयव, अवयवी आणि एक स्वस्त गिटार

एखादी वस्तू भागाभागाने पालटत नेऊन सुधारली, तर अखेरीस हाती उरते ती तीच वस्तू असते, की तिच्या नावाखाली नकळत येऊन बसलेली दुसरीच एखादी, हा प्रश्न ग्रीक आणि भारतीय विचारवंतांनी पुरातन काळापासून घोळविलेला असला, तरी आजच्या दिवसांत तो अगदी प्रत्यक्षपणे, स्क्रू पिळण्याचे हत्यार आणि खिशातली तुटपुंजी रक्कम यांच्यासह जर कोठे उभा राहत असेल, तर तो स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार विकत घेऊन तिचे एकेक अंग बदलणाऱ्या तरुणाच्या खोलीत उभा राहतो. असा तरुण आधी तारा बदलतो. मग मानेच्या टोकाशी असलेली प्लॅस्टिकची पट्टी काढून हाडाची बसवितो. वर्षभराने खुंट्या बदलतो. पुढे चार पैसे साठले, की पिकअप आणि त्यांच्यामागची वायरिंग बदलतो. आणि सरतेशेवटी कारखान्यातून आलेल्या वाद्यापैकी लाकूड तेवढे मूळचे राहते. ही नवी गिटार कधी घेतलीस, असे त्याला कोणी विचारले, तर क्षणाचाही विलंब न लावता तो सांगतो, की ही माझी पहिलीच. हे उत्तर खरे आहे, अशी माझी धारणा आहे. आणि ते का खरे आहे हे सावकाश तपासून पाहणे अगत्याचे आहे, कारण ज्या न्यायाने ते खरे ठरते, त्याच न्यायाने देवळाचा जीर्णोद्धार, मूर्तीचे नवे कलेवर आणि माणसाचे सुधारणे यांचाही निवाडा करावा लागतो.

हा प्रश्न याच वाद्याच्या बाबतीत इतका टोकदार होण्याचे कारण त्याच्या जन्मकथेत आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. परंतु बिघडलेले यंत्र उघडून पुन्हा चालते करणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय होता, त्यांनी वाद्य घडवायला घेतले तेव्हा ते उघडता यावे, त्याचा कोणताही भाग काढून त्या जागी दुसरा घालता यावा, अशाच बेताने घडविले. सरसाने कायमच्या जोडलेल्या सांध्याऐवजी त्यांनी मान आणि धड स्क्रूंनी जोडले. आणि 1954 साली बाजारात आलेल्या त्यांच्या स्ट्रॅटोकॅस्टर या गिटारीत तर तिन्ही पिकअप, बटणे आणि त्यांच्या वायरी एकाच पातळ तक्त्यावर बसवून, तो तक्ता उचलला की सगळा विजेचा संसार एकदम बाहेर यावा, अशी तजवीज केली. पुढे 1965 साली फेंडर कंपनीने तारा बनविणारी स्क्वायर ही जुनी कंपनी विकत घेतली आणि 1982 पासून त्याच नावाचा शिक्का आपल्या कमी किमतीच्या गिटारींवर मारावयास आरंभ केला. तारेची कंप पावणारी लांबी, म्हणजे सुमारे 648 मिलिमीटर, महागड्या स्ट्रॅटोकॅस्टरमध्ये आणि तिच्या स्वस्त बहिणीत एकच. त्यामुळे एकीचे भाग थोड्याफार घासकामानंतर दुसरीत बसतात. अवयव सुटे करता येतील अशाच हेतूने जन्माला घातलेली ही वस्तू असल्यामुळे, अवयवांहून निराळा असा अवयवी, म्हणजे समग्र वस्तू, मुळात असतो काय, या जुन्या वादाला तिच्याइतका बोलका साक्षीदार मिळणे कठीण.

स्वस्त गिटारीत उणे काय असते, हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. लाकूड हलके म्हणून आवाज हलका, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु कारखानदार खरी काटकसर करतो ती धातूत, चुंबकात आणि सर्वांत अधिक म्हणजे माणसाच्या हाताला द्यावयाच्या वेळात. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे, ॲल्निको या नावाने ओळखले जाणारे सहा लहान दंडगोल चुंबक वापरण्याऐवजी तो पोलादाचे सहा खांब उभे करतो आणि त्यांच्या तळाशी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवून देतो. धडावर तारा ज्याच्यावर टेकतात त्या ब्रिजखालचा ठोकळा पोलादाचा भरीव करण्याऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचा पातळ ओततो. आणि मानेवरचे पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकून झाले, की त्यांच्या कडा गोल करणे, सर्वांचे माथे एका पातळीत आणणे, प्रत्येक माथा पुन्हा घुमटाकार करून चकचकीत करणे, ही जी कारागिराची तासन्‌तास चालणारी कामे, ती यंत्र जेवढी करील तेवढ्यावरच भागवितो. म्हणजे स्वस्त गिटारीत माल कमी असतो हे खरे, पण तिच्यात मुख्यत्वेकरून लक्ष कमी असते. आणि माल विकतच घ्यावा लागत असला, तरी लक्ष हे ज्याच्या हाती ती वस्तू पडली त्याला मागाहूनही देता येते, ही या साऱ्या प्रकरणातील मोठी आशादायक गोष्ट आहे.

हे लक्ष देणे म्हणजे काय, हे त्या मानेच्या टोकाशी असलेल्या बोटभर पट्टीजवळ थांबून पाहावे. तिला नट म्हणतात. खुंटीकडून येणारी प्रत्येक तार या पट्टीतील खाचेतून पुढे उतरते आणि तेथून तिचा गाता भाग सुरू होतो. स्वस्त वाद्यात ही खाच बहुधा उथळ राहिलेली असते. त्यामुळे पहिल्या पडद्याशी तार उंच लटकते, बोटाला ती अधिक दाबावी लागते, दाबताना ताणली जाते, आणि मोकळी तार अचूक जुळलेली असूनही पहिल्याच पडद्यावरचा स्वर चढा लागतो. खाच अरुंद असेल, तर आणखी एक पीडा उद्भवते: खुंटी पिळली तरी स्वर हलत नाही, आणखी पिळली तरी हलत नाही, आणि मग एकाएकी टक् असा बारीक आवाज होऊन तार खाचेतून सुटते व स्वर नको तितका पुढे उडी मारतो. जाणता कारागीर तारेच्या जाडीची कानस घेऊन खाचेत एकदोन हात फिरवितो, भुसा फुंकतो, तार पुन्हा बसवितो, दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये ती बोटाने दाबून पहिल्या पडद्यावर केसाएवढी फट राहते की नाही हे उजेडासमोर धरून पाहतो, आणि पुन्हा एकदाच कानस फिरवितो. कारण खाच एकदा जास्त खोल गेली, की मोकळी तार पडद्यावर आपटून खरखरते आणि ती पट्टीच टाकून द्यावी लागते. खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवून तार पट्टीच्या पुढच्या धारेवरूनच सुटेल, याचीही तो काळजी घेतो. या सगळ्या उद्योगात वाद्यात नवे काही पडलेले नसते. उलट चिमूटभर भुसा तेवढा कमी झालेला असतो. आणि तरीही वाजविणारा ती गिटार हातात घेतो तेव्हा ती सुधारली, असे निःशंकपणे म्हणतो.

येथे आपल्या दर्शनांनी केलेला एक विवेक फार उपयोगी पडतो. संस्कार दोन प्रकारचे, असे आपले शास्त्रकार सांगतात: एक दोषापनयन, म्हणजे असलेला दोष दूर करणे, आणि दुसरा गुणाधान, म्हणजे नसलेला गुण आणून ठेवणे. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात मोक्ष हे कर्माचे फळ का होऊ शकत नाही, याचा ऊहापोह करताना या विभागाचा आधार घेतला आहे. कर्माने एखादी वस्तू उत्पन्न होते, प्राप्त होते, विकार पावते किंवा संस्कार पावते. ब्रह्माच्या ठायी यांपैकी काहीच संभवत नाही. आणि संस्कार तर मुळीच नाही, कारण ज्याच्यात भर घालता येत नाही त्याला गुणाधान कसले, आणि जे नित्यशुद्ध त्याला दोषापनयन कसले, असा त्यांचा युक्तिवाद आहे. घासून आरसा उजळावा त्याप्रमाणे आत्म्यावरील मळ घासून काढता येईल, अशी शंका उपस्थित करून तिचेही त्यांनी निराकरण केले आहे. ब्रह्माला जे लागू पडत नाही, ते या मर्त्य जगातील वस्तूंना मात्र पुरेपूर लागू पडते. किंबहुना आपली गिटार, आपले घर, आपली भाषा आणि आपण स्वतः अशा संस्कार्य वस्तूंच्याच पंक्तीत बसतो, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

नट कापणे, पडदे समपातळीत आणणे, मानेच्या पोटातील लोखंडी सळी किंचित पिळून तिचा बाक दुरुस्त करणे, बाराव्या पडद्यावरचा दाबलेला स्वर आणि तेथेच तार नुसती स्पर्शून काढलेला स्वर हे दोन्ही एक होईपर्यंत ब्रिजवरची प्रत्येक तारेची बैठक पुढेमागे सरकविणे, ही सारी दोषापनयनाची कामे होत. पिकअप बदलणे, ब्रिजचा ठोकळा बदलणे, हे गुणाधान. पहिल्या प्रकारात जे वाद्यात होतेच पण अडून बसले होते ते मोकळे होते, आणि कार्य हे कारणात आधीपासून असते या सांख्यांच्या मताला जणू दाखला मिळतो. दुसऱ्या प्रकारात जे नव्हते ते उत्पन्न होते, आणि नैयायिकांना आपला पक्ष खरा ठरल्याचे समाधान लाभते. व्यवहारात या दोहोंचा क्रम उलटा करणाऱ्याची मात्र फसगत होते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र हलते, आणि मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवून दिलेल्या नियमानुसार वेढ्यांत वीज उत्पन्न होते. ही वीज तार जशी हलेल तशीच हलणार. बेसूर तारेची ती बेसूरच प्रतिमा काढील, आणि पिकअप जितका उत्तम तितकी ती प्रतिमा अधिक स्पष्ट. म्हणून ज्याने खाच आणि पडदे तसेच ठेवून महागडे पिकअप बसविले, त्याने आपल्या वाद्यातील दोष अधिक ठळक ऐकू यावा एवढीच व्यवस्था पैसे देऊन केली, असे म्हणावे लागते. चुंबक तारेच्या फार जवळ आणला, तर तो तारेलाच ओढू लागतो आणि स्वर डळमळतो. अशा वेळी दोन स्क्रू पिळून पिकअप थोडा खाली उतरविला, म्हणजे जो दोष पिकअपचा वाटत होता तो त्याच्या जागेचा होता, हे उघड होते.

गुण आणि दोष हेही सुट्या भागांच्या अंगी चिकटलेले नसतात, हे समजण्यासाठी मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे पाहावे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा ते अशा सूक्ष्म उताराने घासतात, की तारेने कंप पावताना त्या माथ्यावर क्षणोक्षणी अंग टेकावे. तारेखाली जिवाचा दोरा सरकवून योग्य जागा सापडली, म्हणजे त्या एका तारेतून स्वरांचे मोहोळ उठते. हीच जवारी. गिटारीच्या नटमधील खाचेचा उतार चुकला आणि तार धारेऐवजी सपाटीवर टेकत राहिली, तर तेथेही नेमके हेच घडते, आणि गिटारवादक त्याला खरखर म्हणून नावे ठेवतो. घर्षण तेच, तार पोलादाचीच, हाडही तेच; एका अवयवीत जो दोष, तोच दुसऱ्या अवयवीत वाद्याचा प्राण. याचा अर्थ असा, की भाग चांगला की वाईट हे ठरविण्याचा अधिकार अखेर समग्राकडे असतो. आणि ज्याच्याकडे असा निवाडा करण्याचा अधिकार आहे, तो समग्र केवळ नावापुरता आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तथापि तसे म्हणणारे थोर लोक होऊन गेले आहेत. सागल नगरीच्या मिलिंद राजाशी संवाद करताना भदन्त नागसेनांनी त्याच्या रथाचाच दाखला घेतला: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, असे एकेक विचारून, रथ हा या सर्वांच्या आश्रयाने झालेला एक व्यवहारशब्द आहे, असे त्यांनी राजाकडून वदवून घेतले. याउलट न्यायसूत्रकारांनी अवयवी हा खरा आहे असे बजावले, आणि त्यासाठी दिलेले त्यांचे एक कारण मोठे मार्मिक आहे: एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू ओढली जाते, हे नुसत्या ढिगाच्या बाबतीत होत नाही. माझ्या मते गिटार या वादात आणखी एक पुरावा दाखल करते. पाकिटात गुंडाळलेल्या तारेला स्वर नसतो, खुंटीला नसतो, नटला नसतो, पिकअपला तर मुळीच नसतो. तारेची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन यांचे नाते जुळते तेव्हाच स्वर उत्पन्न होतो, आणि हे नाते कोणत्याही एका भागात सापडत नाही. जो गुण एकाही अवयवात नाही तो ज्याच्या ठायी प्रत्यक्ष ऐकू येतो, त्याला केवळ व्यवहारशब्द कसे म्हणावे?

परंतु नैयायिक आणि वैशेषिक यांनी आपल्या मतातून जो कठोर निष्कर्ष काढला, तो आपल्या तरुणाला अडचणीत आणणारा आहे. वस्त्रातून एक सूत काढले, की जुने वस्त्र नष्ट झाले आणि उरलेल्या सुतांचे नवे वस्त्र निर्माण झाले. तेच हे वस्त्र, अशी जी ओळख आपल्याला पटते, ती केवळ सादृश्यामुळे, जशी दिव्याच्या ज्योतीविषयी पटते, असे ते म्हणतात. हा न्याय लावला, तर तारांचा संच बदलताच गिटार बदलली, आणि ही माझी पहिलीच, हे वाक्य पहिल्याच महिन्यात असत्य ठरले. ग्रीकांनीही हा पेच जाणला होता. पुराणकथेतील वीर थीसियस याचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सवासीयांनी कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालीत पिढ्यान्‌पिढ्या जतन केले आणि तेव्हापासून ते तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांची वादावादी जुंपली, असे प्लुटार्क सांगतो. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने 1655 साली त्यात आणखी एक गाठ मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे त्याच क्रमाने दुसरे जहाज बांधले, तर मूळचे जहाज कोणते? ही गाठ काल्पनिक नाही. प्रत्येक हौशी गिटारवादकाच्या घरी काढलेल्या भागांचा एक डबा असतो. त्यात मूळचे नट, मूळच्या खुंट्या, मूळचे पिकअप पडून असतात, आणि ते सारे एखाद्या कोऱ्या धडावर चढविणे हे एका सुटीच्या दिवसाचे काम असते.

या पेचातून वाट काढताना मला आपल्या महसुली दप्तराची आठवण होते. सातबारावर गट नंबर तोच राहतो आणि खातेदार मात्र मृत्यू, वाटणी, खरेदीखत अशा कारणांनी बदलत जातात. तरी आजोबांची जमीन ती हीच, असे आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण मधल्या प्रत्येक पालटाची फेरफार नोंद झालेली असते आणि त्या नोंदींची साखळी कोठेही तुटलेली नसते. गिटारीच्या बाबतीत बदलते ती जमीन आणि टिकतो तो खातेदार, एवढाच फरक. साखळीचा न्याय एकच. प्रत्येक बदल आधीच्या वाद्यात झाला, आधीच्या वाद्यासाठी झाला, आणि बदलानंतर तेच वादन पुढे चालू राहिले. डब्यातील भागांपाशी अशी अखंड नोंद नाही. ते मूळचे असले, तरी त्यांच्या वतीने पुढे वाजले कोणी नाही, आणि म्हणून त्यांचा दावा नामंजूर होतो.

हाच निवाडा आपल्या धर्मपरंपरेने एका फार मोठ्या प्रसंगी दिलेला आहे. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती निंबाच्या लाकडाची. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा ठरावीक वर्षी, जसे 1996 साली आणि 2015 साली, नवे दारू, म्हणजे लाकूड, विधिपूर्वक शोधून नव्या मूर्ती घडविल्या जातात, आणि दैतापती सेवक रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी आणि हातांना वस्त्र बांधून, जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. या नवकलेवरानंतर नवा देव आला, असे कोणीही म्हणत नाही. रथावर बसतो तो तोच जगन्नाथ. आणि जुन्या मूर्तींना त्याच आवारात, कोइली वैकुंठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी भूमीत विसर्जित केले जाते, म्हणजे हॉब्जने कल्पिलेला दुसरा दावेदार उभा राहण्यास तेथे वावच ठेवलेला नाही. लाकडाच्या आत जपलेले, हस्तांतरित होणारे काहीतरी असते आणि त्याच्यामुळे ओळख टिकते, ही या विधीमागची श्रद्धा आहे. गिटारीच्या पोटात असा पदार्थ नाही. मग तिच्या एका कलेवरातून दुसऱ्यात नेले जाते ते काय?

या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला मीमांसकांच्या प्रतिनिधिविचारात सापडते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात असा विचार आहे, की यज्ञाला सांगितलेले व्रीही, म्हणजे भात, मिळाले नाहीत, तर त्यांच्यासारखे नीवार, म्हणजे रानभात, घ्यावेत. द्रव्य बदलले तरी याग तोच राहतो आणि अपुरा राहण्यापेक्षा प्रतिनिधी घालून पुरा झालेला बरा. परंतु देवतेला प्रतिनिधी नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही. आणि यजमानाला, म्हणजे ज्याचा तो याग आहे त्या स्वामीलाही नाही. द्रव्यांची अदलाबदल होऊ शकते ती एवढ्याचसाठी, की ती ज्याच्यासाठी आहेत ते बदललेले नसते. गिटारीचे सारे भाग असे नीवार आहेत. ज्याला प्रतिनिधी नाही ते म्हणजे वाजविणाऱ्याचा संकल्प, त्याचा कान आणि त्याच्या बोटांची वर्षानुवर्षांची सवय; आणि एका कलेवरातून दुसऱ्यात नेले जाते तेही हेच.

जगाच्या व्यवहारानेही ही गोष्ट मान्य केली आहे. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी 1970 साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारी घेतल्या, काही मित्रांना देऊन टाकल्या, आणि उरलेल्या तीन गिटारींचे उत्तम भाग निवडून एक वाद्य जुळविले. ब्लॅकी या नावाने ते प्रसिद्ध झाले, आणि 2004 साली न्यूयॉर्कमधील क्रिस्टीजच्या लिलावात 9,59,500 डॉलरला विकले गेले. तिघींच्या अवयवांची ही एक गिटार कोणाची, असा प्रश्न त्या दिवशी कोणालाही पडला नाही. गिटारवादक ब्रायन मे यांनी 1963 पासून वडिलांच्या मदतीने जी गिटार स्वहस्ते घडविली, आणि जिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून केली, तिच्यासाठी त्यांनी आधी पिकअपसुद्धा स्वतःच गुंडाळले होते. ते मनासारखे होईनात, तेव्हा बर्न्स कंपनीचे तयार पिकअप आणून बसविले. त्यामुळे त्यांची गिटार पालटली असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. हे सारे सुधारणे म्हणजे तृष्णेचेच एक सुसंस्कृत रूप नव्हे काय? एक भाग बदलला की दुसऱ्याचे उणेपण जाणवते, आणि मूळ गिटारीच्या किमतीहून अधिक पैसा तिच्या भागांत गेल्यावरही मन तृप्त होत नाही, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. जैन आचार्य समंतभद्रांनी दिलेला सुवर्णाचा दृष्टांत येथे आठवावा: सोन्याचा घट मोडून मुकुट घडविला, तेव्हा घट हवा असणारा दुःखी झाला, मुकुट हवा असणारा हर्षित झाला, आणि ज्याला सोनेच हवे होते तो मध्यस्थ राहिला. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाश पावणे आणि टिकून राहणे, ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी नांदतात, हे सांगण्यासाठी तो दृष्टांत आहे. पण साधकाने आपण त्या तिघांपैकी कोण, हेही त्यात पाहून घ्यावे. ज्याला जुने भाग काढताना नुसता विषाद होतो तो घटात अडकला, ज्याला नव्या भागांच्या खोक्यातच आनंद आहे तो मुकुटात अडकला. ज्याला स्वर हवा आहे तो भाग बदलतोही आणि बदलणे थांबवितोही. संस्कार आणि लोभ यांच्यातील सीमा मला तरी एकाच खुणेने ओळखता येते: बदलण्यापूर्वी दोषाचे नाव सांगता आले पाहिजे. तिसरी तार खाचेत अडकते, सातव्या पडद्यावर स्वर मरतो, खुंटी सैल असल्यामुळे दोन गाण्यांत सूर उतरतो, असे ज्याला बोट ठेवून सांगता येते, त्याचा खर्च संस्कारावर होतो. ज्याला नुसतेच आणखी चांगले हवे असते, त्याने थांबावे आणि ते पैसे जवळ ठेवावेत.

मला या साऱ्या विवेचनात कळकळीने सांगावयाचे आहे ते असे, की स्वस्त वस्तूला, आणि ज्याला जगाने स्वस्त ठरविले आहे अशा माणसालाही, टाकून दिले जाण्यापूर्वी संस्काराचा हक्क आहे. अमुक मूळचाच हलक्या प्रतीचा, असा शेरा मारणे सोपे असते. परंतु तो शेरा ज्यांच्यावर बसला आहे त्यांची बारकाईने तपासणी केली, तर बहुतेक ठिकाणी लाकूड बरे असून खाच तेवढी कोणी कापलेली नाही, असेच आढळून येते. शाळेत मागे पडलेल्या मुलाच्या बाबतीत किंवा घरात मुकाट राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीतही आपण नवे काय देता येईल याचा विचार आधी करतो, आणि कशात अडले आहे हे विचारावयाचे राहून जाते. दोषापनयन आधी आणि गुणाधान मागाहून, हा क्रम वाद्याला जितका लागू आहे, तितकाच माणसालाही आहे.

म्हणून ज्या वाचकाच्या घरी अशी एखादी गिटार कोपऱ्यात धूळ खात पडली असेल, त्याला माझी विनंती आहे, की तिला विकण्यापूर्वी नव्या तारा चढवाव्यात, मानेचा बाक आणि नटच्या खाचा जाणत्या कारागिराकडून तपासून घ्याव्यात, पडदे घासून घ्यावेत, ब्रिजवर तारांच्या बैठकी जुळवून घ्याव्यात, आणि एवढे झाल्यावर काही महिने ती रोज वाजवावी. त्यानंतरही एखाद्या दोषाचे नाव सांगता आले, तर तेवढाच भाग बदलावा. बाकी जे उरते त्याला बाजारात प्रतिनिधी मिळत नाही. ते स्वतःच करावे लागते.